मंदाबाईनं बंद केलेली सायकल

चिखल्याच्या मँगनीज खाणीत धनीरामनं उभी उमर जमिनीखाली काम केलं, पण त्याची बायको मंदाबाई हिला खाणीची फारशी धास्ती कधी वाटली नाही. हेल्मेट घातल्याशिवाय कुणी खाली उतरतच नसे. एकदा वरून दगड सुटून धनीरामच्या डोक्यावर आला, तरी तो हसत घरी आला होता. घरी येताना मात्र तो सायकलवर उघड्या डोक्यानंच असायचा. सगळेच असायचे. सायकलवर हेल्मेट घातलेला माणूस गावानं पाहिलाच नव्हता.

मागच्या पावसाळ्यात गावाजवळ त्याला रानडुक्कर आडवं गेलं. सायकल सिमेंटच्या रस्त्यावरून खाली घसरली आणि धनीरामचं डोकं रस्त्याच्या कडेवर आपटलं. नागपूरला नेलं म्हणून जीव वाचला. पण परतला तो निराळाच माणूस. भात हवा असला की पाणी म्हणायचा, आणि समोरच्याला उमगलं नाही की ताट फेकायचा. खाण सुटली. मंदाबाई दुसऱ्यांच्या बांधीत, भाताच्या खाचरात, धान रोवायला जाऊ लागली.

त्यांची मुलगी गुड्डी दहावीला होती. मैत्रीण हर्षा आणि ती, दोघी सायकलनं शाळेत जात. मंदाबाईनं गुड्डीची सायकल गोठ्यात साखळीनं बांधून टाकली.

"उद्यापासून ऑटोनं जाय."

"माय, ऑटोत पोरं कोंबून भरतेत. मले बाहेर लटकत बसा लागन."

"डोकं तं शाबूत राहीन."

गुड्डी ऑटोनं जाऊ लागली. दिवाळीच्या आधी एका सकाळी तलावाच्या बांधावरच्या वळणाला तोच ऑटो उलटला. गुड्डीचा हात मोडला. तिच्या शेजारी बसलेली हर्षा ऑटोखाली आली आणि जागीच गेली.

मंदाबाई हर्षाच्या आईला, रत्नमालेला, भेटायला गेली.

रत्नमाला म्हणाली, "गुड्डीची सायकल बंद झाली, म्हणून हिनंबी सोडली. एकटी कशी जाईन म्हणे."

तिच्या आवाजात राग नव्हता. मंदाबाई घरी आली आणि चूल न पेटवता भिंतीला टेकून बसली.

हाताचं प्लास्टर निघाल्यावर गुड्डी म्हणाली, "मी ऑटोत बसत नाई. सायकल देत असशीन तं शाळेत जातो."

मंदाबाईनं साखळी काढली. धाकटा दीर प्रविण तुमसरला निघाला होता, त्याला तिनं हेल्मेट आणायला सांगितलं.

"सायकलले हेल्मेट? लोक हासतीन, वहिनी."

"हासू द्या."

"अन् मँगनीजचा ट्रक आंगावर आला तं हेल्मेट काय करीन?"

"ट्रकले काईच नाई करीन, भाऊजी. पण तुमचे भाऊ ट्रकखाली नोते आले. नुसते पडले होते."

संध्याकाळी प्रविण हेल्मेट घेऊन आला.

शाळेतली पोरं आठवडाभर हसली आणि विसरली. गुड्डी आता एकटीच जाते. शाळा सुटण्याची वेळ झाली की मंदाबाईचं कामात लक्ष लागत नाही. रस्त्यावरून ट्रक गेला की ती बांधीतून मान वर करून पाहते. रत्नमालेचं घर आलं की गुड्डी सायकलवरून उतरते, हेल्मेट काढून हँडलला अडकवते, आणि ते घर मागे पडेपर्यंत पायीच चालते.