उकळलेला निरोप

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला घरात सगळे ‘लखलख’ म्हणतात. भांडे हाती आले की ते लखलखेपर्यंत खाली ठेवायचे नाही, या बालपणीच्या हट्टातून पडलेले ते नाव. स्वच्छता हा तिचा स्थायीभाव. पुढे महाविद्यालयात ती सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिके घेऊ लागली, तेव्हा तोच स्थायीभाव तिच्या व्यवसायाचे भूषण ठरला. दाबाच्या वाफेत तापवून निर्जंतुक केल्याविना ती कोणत्याही चंबूला हात लावीत नसे. मुले मार्गी लागल्यावर, केसांत रुपेरी छटा उतरू लागली असता, तिने डॉक्टरेटचे संशोधन आरंभिले.

विषय होता समुद्रातल्या स्वयंप्रकाशी जिवाणूंचा.

“मामा, विरळ असले की हे अंधारात गप्प बसतात,” तिने मला एकदा सांगितले. “दाटी झाली की सगळे एकदम उजळतात. सभेला गणपूर्ती लागते ना, तशी यांनाही लागते.”

“मग डोकी मोजतं कोण?”

“कुणीच नाही. प्रत्येक जण पाण्यात एक रसायन सोडत राहतो. ‘मी आहे, मी आहे’ असा निरोपच म्हणा ना. थोडे असले तर तो पाण्यात विरून जातो. दाटी झाली की साचतो, पुन्हा त्यांच्या पेशींत शिरतो आणि प्रकाशाची जनुकं जागी करतो.”

मी स्तिमित झालो. ज्यांना मुख नाही, कर्ण नाही, त्यांच्यातही हा अखंड संवाद चालावा, आणि एकट्याने मिणमिणण्यापेक्षा समूहाने उजळण्याचे हे शहाणपण त्यांच्या ठायी असावे!

तिच्या प्रबंधावर मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बोट ठेवले. ते वृत्तीने कठोर, पण न्यायी गृहस्थ. “जिवाणू वाढले, म्हणून उजळले. त्यात निरोप कुठे आला? दाटी नसताना नुसत्या निरोपाने उजळवून दाखवा. नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढा.” ते प्रकरण म्हणजेच प्रबंधाचा प्राण होता.

प्रयोग तिला तत्काळ सुचला. दाट वाढलेल्या जिवाणूंचे द्रावण घ्यायचे, त्यातले जिवाणू वगळायचे आणि उरलेले पाणी विरळ जिवाणूंना द्यायचे. या पाण्याला ती थट्टेने ‘उष्टं’ म्हणे. परंतु त्या उष्ट्यात एखादा जिवाणू चुकून राहिला, तर परीक्षक म्हणणार, तुमचा निरोप नव्हे, तुमचा जिवाणूच उजळला. म्हणून बारीक गाळणीतून गाळल्यावरही तिचे मन भरेना. तिने ते पाणी दाबाच्या वाफेत चांगले उकळून काढले आणि मग विरळ जिवाणूंवर ओतले. अंधाऱ्या खोलीत चंबू काळेठिक्कर राहिले. पुन्हा केले, पुन्हा अंधार.

त्या दिवशी मी ताईकडेच होतो. लखलख आली ती पडलेल्या चेहऱ्याने. ताईने पाण्याचा पेला पुढे केला, तो घेऊन ती सरळ मोरीकडे निघाली.

“अगं, आत्ताच धुतलाय तो!” ताई कडाडली. “या बयेला कुणी पत्र धाडलं ना, तर ही आधी ते उकळेल आणि मग वाचायला बसेल!”

मी हसलो. लखलख हसली नाही. पेला हातात तसाच धरून ती मोरीच्या उंबऱ्यावर थबकली.

“आई,” ती सावकाश म्हणाली, “उकळलंच की मी. मामा, मी त्यांचा निरोप शिजवला!”

ते पाणी खारट आणि काहीसे अल्कधर्मी. तशा पाण्यात तापवले की त्या रसायनाच्या रेणूतले अणूंचे कडे उघडते आणि ते निकामी होते. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. स्वच्छतेच्या सवयीने ज्ञानाला मागे बसवले होते, इतकेच.

परीक्षक आले त्या दुपारी मीही, तिच्या आग्रहावरून, त्या अंधाऱ्या खोलीत एका कोपऱ्यात उभा होतो. तिने विरळ जिवाणूंचे तीन चंबू मांडले होते. एकात ताजे पोषक द्रावण, दुसऱ्यात केवळ गाळलेले उष्टे पाणी, तिसऱ्यात तेच पाणी, पण उकळलेले. आपली चूक तिने लपवली नाही, तिलाच साक्षीला उभे केले.

डोळे काळोखाला सरावले. पहिला चंबू काळा, तिसराही काळा. आणि मधोमध, प्रथम भास वाटावा इतकी मंद, मग निःसंशय, निळसर प्रभा पसरली होती.

“गाळलेल्या पाण्यात जिवाणू उरला नव्हता कशावरून?” परीक्षकांनी विचारले.

“ते पाणी पोषक थरावर पसरून ठेवलं होतं, सर. काहीच उगवलं नाही. आणि हे विरळ जिवाणू अजून विरळच आहेत. सूक्ष्मदर्शक तयार आहे, बघा.”

त्यांनी बराच वेळ पाहिले. मग मान वर करून म्हणाले, “बाई, प्रकरण राहू द्या. आणि तो उकळलेला चंबू त्यात जरूर घाला. पाणी तेच, फक्त निरोप नाहीसा. त्यानेच माझं तोंड बंद केलं.”

कुळात विद्वान पुष्कळ झाले. पण आपल्या प्रमादालाच प्रमाण करणारी ही एकच.

घरी आलो तेव्हा ताई दारातच उभी होती. “उजळले का गं?”

“उजळले.” लखलखने आईच्या हातातला अर्धा प्यालेला पेला घेतला आणि घटाघटा रिकामा केला.

“अगं, उष्टं आहे ते!”

“असू दे, आई. बातमी त्यातच असते.”