घाटावर तपासलेला रोबोट

प्लॅस्टिकचा पुतळा जोडायचा खोका आणि मिलिटरीतला भाऊ, एवढं सांगितलं की तुमी पुढचं सगळं ओळखणार. पुतळा सैनिकाचा असणार. भाऊ सीमेवर गोळी खाऊन गेला असणार. मी तो पुतळा जोडून टीव्हीवर ठेवला असणार आणि तुमच्या डोळ्याला पाणी. तसलं काय न्हाई गड्या. भाऊ डोंगरातल्या रस्त्यावर ट्रक उलटून गेला आणि पुतळा रोबोटचा हुता. पंखवाला. खोक्यावरचं चित्र बघून भटजींनी इचारलं, "हा कोणता देव म्हणायचा?"

तो माझा चुलत भाऊ, पण एकाच घरात वाढलो, मी त्याला दादाच म्हणायचो. ह्या खोक्यांचा नाद त्याला बराकीत लागला. रोबोटचं हात, पाय, बोटं, सगळं सुटं, प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटलेलं असतंय. कापायचं, घासायचं, एकात एक बसवायचं. माल चांगला असला की सांधा बसताना टक् वाजतंय. दादा रजेवर येताना एक खोका आणायचा आणि मी परीक्षक. मार्क द्यायचं, पण इस्लामपुरात आमच्या शाळेत हस्तकलेला जे मास्तर हुतं त्यांच्या आवाजात. मास्तर नाकात बोलायचं. दोघांनीबी त्यांच्या छड्या खाल्लेल्या.

"सांधा ढिला, चिरंजीव. घराण्याचं नाव काढणार तुमी," असं मी नाकातनं म्हणलं की दादा उसाच्या बांधावर पोट धरून लोळायचा. पण त्याची एक अट हुती. "लाड करायचं न्हाईत. भंगार आसंल तर भंगार म्हण. खोटं मार्क दिलंस की मला कळतंय रं."

शेवटचा खोका त्यानं गावच्या पत्त्यावर मागवला. फोनवर म्हणला, "आला की फोडू नको. मी येतोय, माझ्यासमोर मार्क दे." आधी दादा आला, पेटीतनं. खोका मागनं कुरिअरनं आला. काकीनं, म्हंजे दादाच्या आईनं, सही करून घेतला आणि पदराखाली धरून बसली. दहाव्याला घाटावर पिंड मांडला तवा तिनं शेजारी बेसनाची वडी, चहा आणि तो खोका ठिवला.

कावळं समोरच्या बाभळीवर हुतं. बघत हुतं, पण खाली येत न्हवतं. आमच्याकडं पिंडाला कावळा शिवला न्हाई म्हंजे मेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय. मग एकेकानं पुढं होऊन त्याला शब्द द्यायचा. माझ्या बापानं दिला, "तुझ्या आईला आमी बघतो." दादाच्या मामांनी दिला, "तुझ्या धाकट्या भैनीचं लगीन आमच्याकडं लागलं." कावळं जागचं हाललं न्हाई. ऊन चढलं, चहावर साय धरली. काकीची नजर त्या बाभळीवरनं सुटत न्हवती. तिला दुसरं काय नको हुतं, पोरगं मोकळं झालेलं दिसायला पायजे हुतं.

एकदम मला म्हणली, "त्या खोक्यात अडकलाय त्यो. तू मार्क देतूस न्हवं त्येला? दे की."

"हितं, काकी?"

"हितंच. बघ आन सांग त्येला कसा हाय."

मी खोका फोडला. आतनं रॉकेलसारखा वास आला. चित्र पुसट छापलेलं तवाच शंका आलेली. जाळीतनं एकेक भाग पिळून काढला. प्रत्येकाच्या कडेला पातळ पापुद्रा सुटलेला. छातीचं दोन भाग एकमेकांवर मिटंनात. खांद्यात हात बसवला, तर टक् न्हाई, काय न्हाई, हात गळून वाळूत पडला. दुसऱ्या पंज्याला तर बोटंच साच्यातनं पुरी उतरली न्हवती. नकली माल. दादा फसला हुता.

बाप कानात म्हणला, "झ्याक हाय म्हण आन उठ."

म्हणणारच हुतो. पण दादाची अट आठवली आणि तोंडातनं मास्तरच बाहेर पडलं, चांगलं मोठ्यानं, नाकातनं: "चित्रात वाघ, खोक्यात बोका! छाती मिटत न्हाई, खांदा धरत न्हाई, बोटं अपुरी. दिल्या पैशाच्या लायकीचा न्हाई. शंभरात वीस. नापास, चिरंजीव!"

दादाचा एक वर्गमित्र मागं उभा हुता, तो फसकन हसला आणि तोंड दाबून खाली बसला. त्या आवाजानं बाभळीवरचं कावळं उडालं, सगळं, आणि नदीच्या पल्याड गेलं. लय वाट बघितली. एकबी माघारी आला न्हाई. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. काकीनं तिकडं बघितलंबी न्हाई.

बापानं टेम्पोत बसल्यापासनं धरला. "मयताच्या कामात सोंगं काढतूस? लोकं काय म्हणली असतील? तुला घाटावर नेला हीच चूक." मामाबी बोललं. काकी घर येईपर्यंत मागं नदीकडंच बघत हुती. मी दारात पायावर पाणी घेत हुतो, तवा ती माझ्या म्होरं येऊन उभी राहिली.

"हौसेनं मागवलं हुतं त्येनं. पास केलं असतंस तर तुझं काय जात हुतं रं, मुडद्या? नापास केलंस? त्येच्या तोंडावर? शाळंत नापास झाला की घरला यायचा न्हाई त्यो, ठावं हाय न्हवं तुला? नदीला जाऊन बसायचा. जेवायलाबी यायचा न्हाई. मी जाऊन हुडकून आणायची. आता कुठं हुडकू त्येला मी? सांग की! कुठं हुडकू?"