पटावरची दोन नावं

पारूबाई सोनकांबळे यांना मी चौदा वर्षं ओळखतो. कंधार तालुक्यातल्या उंबरवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्या पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. मी त्या भागातल्या बारा शाळांचा केंद्रप्रमुख होतो, म्हणजे तपासणीला जाणारा माणूस. ती शाळा बंद करण्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांचं माहेर किल्लारीकडचं. भूकंप झाला तेव्हा त्या दुसरीत होत्या. त्यात आई गेली. पुढे पत्र्याच्या शेडात शाळा भरायला लागली, तेव्हा बापानं त्यांना धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं. शिक्षण तिथंच थांबलं. लग्न होऊन उंबरवाडीला आल्या. नवरा भीमा गवंडीकाम करायचा. दोन मुलं झाली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी लुंबिनी. मुलं पुढे कामाला पुण्याकडे गेली.

शाळेत शिवकुमार गुरुजी होते, उदगीरचे, लिंगायत. पारूबाई खिचडी करायला लागल्या तेव्हा वाडीतल्या काही घरांनी पोरांच्या हाती डबे द्यायला सुरुवात केली. कुणी तोंडानं काही बोललं नाही, पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजी ताट घेऊन पोरांच्या पंगतीत बसले आणि म्हणाले, "पारूबाई, मला पण वाढा." त्यानंतर दोघाचौघांचे डबे बंद झाले. बाकीच्यांचे चालूच राहिले.

वर्गाची खिडकी स्वयंपाकाच्या खोलीकडे उघडायची. तांदूळ निवडता निवडता पारूबाई बाराखडी ऐकायच्या. गुरुजींनी एक दिवस पाटी दिली. तिशी ओलांडल्यावर बाई वाचायला शिकल्या. मग पालकांनी त्यांनाच शाळा समितीचं अध्यक्ष केलं.

पट तेव्हा एकसष्ट होता. मग सरपंच हणमंतरावांच्या पुतण्यानं तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळा काढली. सकाळी पिवळी व्हॅन वाडीत यायला लागली. डबे नेणारी पोरं आधी गेली, मग ज्यांना परवडायचं ती गेली. राहिली ती बौद्धवाड्यातली, मातंगवाड्यातली आणि तांड्यावरची. पट विसावर आला.

आणि नेमकं त्याच साली तालुक्यातून पत्र आलं. विसाच्या आतल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिसळायच्या. गुणवत्ता वाढेल, संगणक मिळेल, पोरांना न्यायला गाडी येईल. फक्त शाळा समितीचा ठराव पाहिजे. जवळची मोठी शाळा म्हणजे पेठगावची, चार किलोमीटरवर, मध्ये ओढा.

ते पत्र घेऊन मीच गेलो होतो. सरपंचही आले. म्हणाले, "पारूबाई, तिकडं मोठं मैदान हाय, कॉम्प्युटर हाय. लेकरांचं भलं बघा. तुमचं खिचडीचं काम पण तिकडंच लावून देतो."

"सरपंच, तुमचा नातू कोण्या शाळेत हाय?"

"त्याचं वेगळं हाय."

"मंग आमच्याच लेकरांचं भलं कामून करून राहिले?"

त्यांनी सही केली नाही. "वीस हायेत तवर कुणाच्या बापाला बंद करता येत न्हाई," असं म्हणून उठल्या.

वीस होते, पण काठावर. दसऱ्यानंतर प्रीतम आणि विशाखा ही भावंडं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. उरले अठरा. पारूबाईंनी तीन दिवस घरं पालथी घातली. किराणा दुकानदार मलप्पाच्या दारात बसून म्हणाल्या, "मालक, तुमची नात पाठवा. एक वरीस पाठवा." मलप्पानं चहा पाजला, पण नात पाठवली नाही.

मग त्या गुरुजींकडे गेल्या. "त्या दोघांची नावं काढू नका. फाल्गुनात येतेतच की परत."

"नाव ठेवता येईल बाई. पण वर्गात नसलेल्या पोराला हजर कसं लिहू?"

"मंग शाळा जाऊ द्यायची का?"

दोन दिवस गुरुजींनी हजेरीपट उघडला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघांच्या नावापुढे हजेरी भरली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. पारूबाईही वीस जणांचा तांदूळ काढायला लागल्या. उरलेली खिचडी पोरंच खायची.

दिवाळीनंतर पडताळणीला तालुक्याचे साहेब आले. सोबत मी. साहेबांनी पोरं उभी करून मोजली. अठरा. हजेरीपटावर वीस.

"दोन कुठं आहेत?"

गुरुजी म्हणाले, "आजारी आहेत."

साहेबांनी पुढच्या रांगेतल्या मुलीला विचारलं, "बाळ, प्रीतम कुठं आहे?"

ती लुंबिनी होती, पारूबाईंची मुलगी, तिसरीतली. उभी राहून स्पष्ट म्हणाली, "सर, त्यो कारखान्याकडं गेला. विशाखा पण गेली. दसरा झाला की गेले."

स्वयंपाकाच्या खोलीतून पारूबाई धावत आल्या. "साहेब, मीच सांगितलं गुरुजीला. माझी चूक हाय."

"हजेरी तुम्ही भरता का?" साहेबांनी विचारलं.

गुरुजी हळूच म्हणाले, "मी भरली. त्यांचा संबंध नाही."

पंचनामा मी लिहिला. खोटी हजेरी, दोन पोरांचा जादा तांदूळ. आईबापाबरोबर बाहेरगावी गेलेल्या पोरांना तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देतात आणि त्यांचं नाव मूळ शाळेच्या पटावर ठेवता येतं, हे मला माहीत होतं. ती कार्डं वेळेत देणं माझंही काम होतं, आणि त्या वर्षी मी ती दिली नव्हती. तेवढं एक वाक्य मी साहेबांसमोर बोललो असतो, तर हजेरी खोटी ठरली असती, पण पट वीसच राहिला असता. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

गुरुजी निलंबित झाले. महिन्याभरात ठराव झाला, पारूबाईंच्या सहीशिवाय. चौकशीत आपलंही नाव येईल, या धास्तीनं बाकीच्या पालकांनी मुकाट सह्या केल्या. माणसं वाईट नव्हती, घाबरली होती.

जूनमध्ये पोरांना पेठगावला न्यायला एक जीप यायला लागली. पोळ्यापर्यंत आली, मग येईनाशी झाली. पेठगावच्या शाळेत खिचडीला दुसरी बाई होती. पारूबाई सोयाबीन काढायच्या मजुरीला जायच्या. आता पोरांना पोचवून येईपर्यंत मुकादम दुसरी बाई घ्यायचा. तरी त्या रोज पोरांना घेऊन चालत निघायच्या. ओढ्याला पाणी असलं की एकेकाला काखेत उचलून पलीकडे न्यायच्या. पहिल्या महिन्यात अठरा पोरं होती. दिवाळीला अकरा. संक्रांतीला सात. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी बसल्या. प्रीतम आणि विशाखा ऊसतोडीवरून परतली, पण पेठगावला कधी गेलीच नाहीत.

लुंबिनी चालत जायची, पण वर्गात बोलायची नाही. तिथल्या शिक्षिकेनं काही विचारलं की खाली बघायची. एकदा वाटेत तिनं आईला विचारलं, "माय, मी खरं बोलले म्हणून शाळा गेली का?"

"न्हाई गं. तू खरं बोललीस ते बरं केलंस. खोटं मी करायला लावलं व्हतं."

"मंग गुरुजीला कामून काढलं?"

पारूबाईंनी धाकट्या पोराला काखेत उचललं आणि ओढ्यात पाय घातला. चौथी झाल्यावर त्यांनी लुंबिनीला शिरूर अनंतपाळला मावशीकडे ठेवलं. तिथं ती शाळेत जाते. सुट्टीत घरी येते तेव्हा शाळेच्या इमारतीकडे बघत नाही, असं भीमा सांगत होता. त्या इमारतीत आता पंचायतीचे पाइप आणि जुन्या खुर्च्या ठेवल्यात. गुरुजी चौदा महिन्यांनी पुन्हा कामावर आले. त्यांना किनवटकडे जंगलातल्या एका गावी पाठवलं. त्यांनी पारूबाईंना कधी एका शब्दानं बोल लावला नाही. तेच आपल्याला जास्त लागतं, असं पारूबाई म्हणतात.

निवृत्त झाल्यावर मी उंबरवाडीला गेलो. पारूबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मी हमी कार्डाची सगळी गोष्ट सांगितली. पंचनामा लिहिताना मला सगळं ठाऊक होतं, हेही सांगितलं.

त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग म्हणाल्या, "तवा तोंडात काय व्हतं तुमच्या?"

"निवृत्तीला दोन वर्षं उरली होती," मी म्हणालो.

"दोन वरीस मी सोताला खात बसले, साहेब. गुरुजीला मीच बुडवलं म्हणून."

मी "माफ करा" म्हणालो. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. पण त्या वही-पेन घेऊन आल्या.

"हितं लिवा ते. कार्डाचं. कोण देतो, कवा देतो, सगळं. खाली सही करा, नाव लिवा."

"आता काय उपयोग बाई? शाळा तर गेली."

"आमची गेली. पलीकडच्या तांड्यावरची हाय अजून. तिथं सोळा लेकरं हायेत शाळेत, सहा उसाला गेलेत. तिथल्या समितीच्या बाईकडं पण ठरावावर सही मागून राहिले."

मी लिहून दिलं, सही केली. त्यांनी कागद शब्द लावत दोनदा वाचला, एका ठिकाणी अक्षर नीट काढायला लावलं, घडी घालून कमरेला खोचला. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून त्या तांड्यावर गेल्या.

त्या शाळेचं अजून काही ठरलेलं नाही.