आंबेरवाडीत खेळतं कोण

हवालदार लालासाहेब मोहिते पेन्शन घेऊन आंबेरवाडीला परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत मोलाच्या दोनच वस्तू होत्या, एक शिट्टी आणि पी.टी.च्या कोर्सचं सर्टिफिकेट. चोवीस वर्षं त्यांनी जवानांना पहाटे पाचला मैदानात उभं केलं होतं. स्वयंपाकी असो नाहीतर न्हावी, पी.टी.ला सुट्टी नाही. गावातही तसंच करू म्हणून दिवाळीनंतर एका पहाटे त्यांनी देवळापुढं उभं राहून शिट्टी फुंकली. एक कुत्रं आलं आणि वरच्या आळीचे दोन म्हातारे आले, तेही भांडायला.

पण गडी खचणारा नव्हता. गावाला लागून गावंदरीचा अडीच एकर माळ होता, सपाट, चार करंजाच्या झाडांचा, पलीकडं कृष्णेचं पात्र. तिथं हुतूतूचं मैदान कुठं, धावायची पट्टी कुठं, लांब उडीचा खड्डा कुठं, हे सगळं हवालदारांनी मनात आखून ठेवलं होतं. रोज सकाळी ते माळ पावलांनी मोजायचे आणि घरी येऊन बायकोला, साळूबाईला, आकडे सांगायचे. ती भाकरी थापत 'व्हय का' म्हणायची.

अडचण एवढीच, की माळ पंचायतीचा आणि सरपंच मानसिंगरावांना तिथं खताचं गोडाऊन बांधायचं होतं. मानसिंगराव काही वाईट माणूस नव्हता. सोसायटीच्या खताची पोती मारुतीच्या देवळात पडून असायची, आरतीला उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते भक्तीचं नसायचं. गोडाऊन हवंच होतं. फक्त ते माळावरच का, हे विचारायची सोय नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या आषाढात ग्रामसेवक गंगाधर भाऊसाहेब कराडहून फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आले. देशात किती माणसं खेळतात, किती व्यायाम करतात, याची पाहणी निघाली होती आणि निवडलेल्या गावांत आंबेरवाडीचा नंबर लागला होता. दहा वर्षांवरचं प्रत्येक माणूस लिहायचं. वर्षातून वीस दिवस किंवा जास्त खेळत असेल तर 'होय', नसेल तर 'नाही'. पोटासाठी केलेले कष्ट धरायचे नाहीत. हे काम हवालदारांनी अक्षरशः भाऊसाहेबांच्या हातातून ओढून घेतलं.

"गावात खेळतंय कोण, हवालदार?" मानसिंगराव चावडीत सगळ्यांदेखत म्हणाले. "धा-ईस पोरं तालमीत घुमत्यात, तेवढंच. मोजा तुमी. निम्मं गाव खेळत असंल तर माळ खेळाला सोडला. नसंल तर पंचमीच्या दुसऱ्या दिशी सभेत गोडाऊनचा ठराव."

"ठरलं," लालासाहेब म्हणाले, आणि घरी जाऊन खाकी पँटला इस्त्री केली.

आता आमच्याकडची रीत अशी, की परका माणूस काही विचारायला आला तर तो सोप्यात बसतो, चहा पितो आणि घरातला कर्ता पुरुष सगळ्यांच्या वतीनं बोलतो. हवालदार दारोदार फिरले, चहा पिऊन पिऊन त्यांचं पित्त खवळलं.

"ऊस तोडतोय ते धरा की," केरबा म्हणाला.

"ते पोटाचं. चालत न्हाई."

"मग म्हशीमागं पळतोय ते?"

"म्हस कुणाची?"

"माझीच."

"मग ते बी पोटाचंच."

"लय कडक हाय बा तुमचं सरकार," केरबा म्हणाला.

बायकांचं विचारलं की प्रत्येक सोप्यात एकच उत्तर. बायका कवा खेळणार, चूल हाय, धारा हायत. हवालदार 'नाही' लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे. शेवटी स्वतःचं घर उरलं. खाटेवर बसून, पलटणीतल्या सवयीनं मोठ्यानं वाचत, त्यांनी तेही भरून टाकलं. "लालासाहेब, वय सेहेचाळीस, होय. साळूबाई, वय बेचाळीस, नाही." रोज फिरायला चल म्हटलं की जी गुडघे धरून बसते तिला काय विचारायचं? आत भाकरीचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

दहा वर्षांवरची माणसं भरली सहाशे चाळीस. निम्मी म्हणजे तीनशे वीस. तालमीतली पोरं, शाळेतली मुलं, हुतूतूचा संघ, रोज नदी पार करणारे चार पोहणारे, सगळे धरून 'होय' भरले एकशे एकाहत्तर. हवालदारांनी तीनदा बेरीज केली. बेरजेला दया येत नाही.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी ते रानातून घराकडं निघाले. पाणंदीत गुडघाभर चिखल होता, म्हणून गावंदरीच्या कडेनं आडवाट धरली. खरं तर श्रावणात संध्याकाळच्या वेळी पुरुषमाणसानं तिकडं फिरकायचं नाही असा गावचा रिवाज आहे. पण चोवीस वर्षांत हवालदारांना श्रावणात कधी रजा मिळाली नव्हती आणि आज तर डोक्यात गोडाऊनच बांधून झालं होतं.

करंजाजवळ आले आणि पायाखालची जमीन दणदणली. त्यांनी मान वर केली. माळावर गावातल्या दीडएकशे बायका उतरल्या होत्या. एकीकडं फेर चालला होता, एकीकडं झिम्मा, आणि मधोमध फुगड्या. पदर खोचलेले, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, मागं झुकलेल्या बायका भिंगरीसारख्या गरगरत होत्या. लहानपणी आईचा पदर धरून त्यांनी हे पाहिलं होतं. पण तेव्हा ते पाहणं होतं, आज पी.टी.चा हवालदार पाहत होता. पायाचा ठेका, मनगटाची पकड, पाठीचा ताण, दम. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मधल्या फुगडीत एक होती सरपंचांची सून विजयमाला, बावीस वर्षांची, उसासारखी ताठ. दुसरी कोण, ते ओळखायला हवालदारांना वेळ लागला. ती साळूबाई होती.

ते आपोआप गिरक्या मोजायला लागले. वीस. चाळीस. साठ. बघणाऱ्या बायका ओरडत होत्या, हवालदार झाडाआड ओठ चावत होते. ऐंशीला विजयमालेचा पाय अडखळला, त्र्याऐंशीला तिनं हात सोडले आणि मटकन खाली बसली. साळूबाईनं पदरानं तोंड पुसलं, खळखळून हसली आणि पुढचीचा हात धरला. गुडघ्यांचं नावसुद्धा नव्हतं.

ती घरी आली तेव्हा हवालदार दारातच उभे होते.

"किती दिस खेळता गं तुमी?"

ती चपापली. "तुमी तिकडं आलावता व्हय?"

"ते ऱ्हाऊ दे. किती दिस?"

"श्रावण लागल्यापास्नं गौरी जाईस्तवर. रोजच. म्हैना-सव्वा म्हैना धरा."

हवालदारांना एकदम बसवेना की उभं राहवेना. वीस दिवस हवे होते, इथं तीस-पस्तीस निघाले. "अगं, मग घरोघर इचारत फिरलो तवा एक बाई का बोलली न्हाई?"

"तुमी कुठल्या बाईला इचारलं?" साळूबाई म्हणाली. "आनि सासऱ्याम्होरं कुठली सून म्हणंल, मी खेळते म्हणून?"

हवालदार उंबऱ्यावरच टेकले. त्यांनी माळाची, सभेची, गोडाऊनची सगळी कथा तिला सांगितली. आजवर ते तिला आकडे सांगत आले होते, अडचण कधी सांगितलीच नव्हती. माळ जाणार म्हटल्यावर साळूबाईचं तोंड उतरलं. मग तिनं पदर खोचला.

"उद्या माळावर या. पर तोंड नदीकडं करून बसायचं. मागं वळून बघायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी वारूळ पुजून, लाह्या वाहून बायका माळावर जमल्या. एका धोंड्यावर, माळाकडं पाठ आणि कृष्णेकडं तोंड करून, इस्त्रीच्या खाकीत हवालदार फॉर्म घेऊन बसले.

पहिलीच बाई अडली. "गुंडाप्पाच्या थोरल्या भावाची बायकू लिवा."

"असं चालत न्हाई. तुझं नाव, नवऱ्याचं नाव, पुरं लागतं."

मागं कुजबुज सुरू झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेही परपुरुषाला सांगायचं. सगळी मोजणी तिथंच बसली असती, पण सत्तरीची बनुबाई म्हातारी काठी आपटून म्हणाली, "उखाण्यात घ्या की गं. उखाण्याला कुठं बंदी हाय?"

मग काय विचारता. एकामागून एक उखाण्यांची झड लागली. हवालदारांची पेन्सिल धावायला लागली. फॉर्म शोधायचा, 'नाही' खोडायचं, 'होय' लिहायचं आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा. प्रत्येक आकड्याला मागून टाळ्या. माहेरपणाला आलेल्या लेकींनीही नावं सांगितली, ती हवालदारांनी परत केली. तुमी तुमच्या सासरच्या गावात मोजायच्या, इथं न्हाई. एक जण चांगलीच भांडली, पण हिशेबात खोट त्यांना चालायची नाही.

विजयमाला पुढं आली. आपल्याच सासऱ्याचा ठराव मोडायला निघालोय, हे तिला कळत होतं. आवाज मात्र खणखणीत होता.

"कराडला भेटतात कृष्णा-कोयना दोन, विक्रमरावांचं नाव घेते, अडवंल मला कोण."

टाळ्यांनी करंजावरचे बगळे उडाले. तीनशे. तीनशे दहा. तीनशे अठरा. मग बनुबाई आली. "माझं नुसतं नाव लिवा. धनी गेल्यापास्नं उखाणा घेत न्हाई, फुगडी मातुर घेते."

"तीनशे एकोणीस," हवालदार म्हणाले. "म्होरं?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पंचमीला जी माळावर येत नाही ती खेळतच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हवालदारांनी बेरीज परत तपासली. एकानं माळ जाणार होता.

"अजून कोण ऱ्हायलंय का?"

"एक हाय," विजयमालेचा आवाज आला. "पर त्यांचं नाव आधीच लिवलंय म्हणं. न्हाई म्हणून."

हवालदारांचे कान तापले. गठ्ठ्यात तळाला असलेला फॉर्म त्यांनी ओढून काढला. तो उघडायचीही गरज नव्हती. भाकरीचा आवाज का थांबला होता, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"ती मोजणाऱ्याची चूक हाय," ते नदीकडं बघत म्हणाले. "तिला म्हणावं, नाव घे."

मग पाठीमागून, अगदी जवळून, साळूबाई बोलली.

"साऱ्या गावाची गणती केली हिंडून दारोदारी, लालासाहेबास्नी दिसंना का घरची खेळणारी."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. घरात शिरताना उंबऱ्यावर एकदा घेतलं, त्यानंतर आपलं नाव तिच्या तोंडून हवालदारांनी आज ऐकलं. माळ हसून हसून लोळत होता. हवालदारांनी डोळे पुसले, 'नाही' खोडलं, 'होय' लिहिलं आणि शेजारी पूर्ण सही केली. पलटणीत कागदावर चूक झाली की ती करणाऱ्यानं तिथं सही करायची असते.

"तीनशे वीस," ते म्हणाले, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

सभेत मानसिंगरावांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. सुनेच्या नावापाशी ते थबकले, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "घरातनंच सुरुंग लागलाय. शब्द दिला तो दिला." गोडाऊन शाळेच्या मागं बांधायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी गंगाधर भाऊसाहेब गठ्ठा न्यायला आले. फॉर्म चाळता चाळता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हवालदार, किती ही खाडाखोड. आणि तुमच्याच घरच्या फॉर्मवर सही कशाला? कोरा फॉर्म देतो, हा एवढा तरी नीट उतरवून द्या. वर दिल्लीपर्यंत जायचाय."

साळूबाई चहा घेऊन दारात उभी होती. लालासाहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि फॉर्म परत गठ्ठ्यात सरकवला.

"असू द्या तसाच," ते म्हणाले. "चूक माझी हाय. दिल्लीपत्तूर जाऊ द्या."