नळदुर्गातलं रिकामं दुकान

सोलापूरहून निघालेली एसटी हमरस्त्याला लागली तेव्हा थंडीतलं ऊन नुकतंच वर आलं होतं. दोन्ही अंगांना तुरीची पिवळी फुलं, मध्येच काळी रानं, आणि हैदराबादकडं निघालेले ट्रकमागून ट्रक. एरवी साताऱ्याहून इकडं यायचं म्हणजे माझ्या मामेबहिणीच्या, सुनंदाच्या हातची भाकरी आणि तिची न संपणारी बडबड. या खेपेला मी तिच्या तेराव्याला निघाले होते. बादलीत पाणी तापवायचा विजेचा रॉड. पाणी तापलं का बघायला तिनं बोटं बुडवली आणि तिथंच कोसळली. फोनवर मला एवढंच कळलं होतं.

नळदुर्गला उतरले. दुखवटा (सुतकातल्या माणसांना द्यायचे कपडे) घ्यायचा राहिला होता, म्हणून स्टँडजवळच्या कापडदुकानात शिरले. सुनंदाच्या नवऱ्याला, भाऊजींना, टॉवेल-टोपी आणि त्यांच्या मुलीला, पूजाला, ड्रेसचं कापड.

"कुणाकडं जायचं, बाई?" दुकानदारानं कापड मोजता मोजता विचारलं. मी सांगितलं.

"अरारा! त्या रॉडवाल्या बाईचं घर व्हय? समोरच्या अप्पानंच विकला तो. आता कुत्रं फिरकत न्हाय त्याच्या दुकानात."

समोर विजेच्या सामानाचं जुनं दुकान होतं. दारात वायरची भेंडोळी टांगलेली, आत कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसलेले. पिशवी उचलून मी तडक रस्ता ओलांडला.

"तुमच्या रॉडनं माझी बहीण गेली," मी म्हणाले.

ते उठून उभे राहिले. "बसा, अक्का." (कर्नाटक इथून जवळ, म्हणून बहिणीला अक्का.) "पाणी घ्या."

"मला तुमचं पाणी नको."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग विचारलं, "पोरगी कशी हाय तिची?"

मला तो कोडगेपणा वाटला. उत्तर न देता मी बाहेर पडले.

किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत सुनंदाचं घर. दुपारी शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून दिली होती. सोबत शेंगांची चटणी, सुनंदा करायची तशीच तिखट. पूजानं ताट पुढं सरकवलं आणि ती परसात गेली. सोलापूरला कॉलेजात शिकणारी ही मुलगी एरवी आईपेक्षा जास्त बोलायची. मी मागोमाग गेले. वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभी राहून ती हळूच म्हणाली, "मावशी, तो रॉड मी मागवला होता."

"म्हणजे?"

"फोनवरून. आई चुलीवर पाणी तापवायची, धुरानं खोकायची. दुकानातला महाग पडतो म्हणून ऑनलाइन मागवला. आई नको नको म्हणत होती."

तिला जवळही न घेता मी तशीच भाऊजींना शोधायला गेले. भाऊजी गोठ्यात होते. त्यांच्यासमोर जाऊन मी सरळ विचारलं.

"लोक विचारायला लागले, कुठनं आणला," ते म्हणाले. "पोरीकडं बघितलं आन् तोंडातनं निघून गेलं, अप्पाकडनं आणला म्हणून. पार्सलचं खोकं चुलीत घातलं. अप्पा आले दुसऱ्या दिवशी. रॉड उलटापालटा करून बघितला, आपल्या दुकानातला न्हाय हे वळखलं. म्या पोरीकडं बोट केलं आन् हात जोडले. ते काय न बोलता निघून गेले."

"आणि तुम्ही त्यांचं दुकान बुडू दिलंत?"

"ताई, बायको गेली. पोरगी सारखी हिरीकडं (विहिरीकडं) जाऊन बसती. म्या काय करायला पायजे होतं?"

सकाळचं माझंच बोलणं कानात वाजत राहिलं.

तेरावं दुसऱ्या दिवशी होतं. अंगण माणसांनी भरलं. पंगत बसली. भाऊजींचा एक भाऊबंद मोठ्यानं म्हणाला, "उद्या सगळ्यांनी मिळून त्या अप्पाच्या दुकानाला कुलूपच घालू."

पूजा वाढत होती. तिनं भाताचं भांडं खाली ठेवलं.

"अप्पांनी काय केलं न्हाय," ती म्हणाली. "रॉड मी मागवला होता. फोनवरून."

कुणी घास उचलेना. माझी मामी, म्हणजे सुनंदाची आई, ताटावरून उठली, हात धुतला आणि नातीकडं न बघता निघून गेली. भाऊजींनी पूजाचा हात धरून तिला आपल्याशेजारी बसवलं. बाकीची माणसं एकमेकांकडं बघत कशीबशी जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांची माफी मागायला गेले. बातमी माझ्याआधीच पोचली होती. मला वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल. ते माझ्यावरच चिडले.

"बोलू कशाला दिलं तिला? दुकान आज न्हाय तर उद्या बंदच व्हायचं होतं. पोरांना समदं फोनवर लागतं. म्या म्हातारा, चार शिव्या घेऊन गेलो असतो. तिला सारी जिंदगी काढायचीय हितं."

"तिनं कुणाला विचारलं नाही, अप्पा."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी होते तोवर एकही गिऱ्हाईक आलं नाही. एक माणूस पायरीपाशी थबकला, आत डोकावला आणि मान खाली घालून पुढं गेला.

पूजाला काही दिवस साताऱ्याला न्यावं, असं भाऊजीच म्हणाले. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. अप्पांचं बरोबर की तिचं, हे मला आजही ठरवता येत नाही. तिला वाचवायला दोन माणसांनी तोंड मिटून घेतलं होतं, आणि तेच तिला सोसवलं नव्हतं, एवढंच मला कळलं. तिच्या बोलण्यानं अप्पांचं नाव धुऊन निघालं, पण दुकान भरलं नाही, आणि आजीचं दार तिला बंद झालं.

सोलापूर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, आई माझ्यावर रागावली असती का?"

नाही म्हणावंसं फार वाटलं.

"रागावली असती," मी म्हणाले. "लई रागावली असती."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोठमोठ्यानं रडू लागली. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मी तिला गप्प केलं नाही.