दिव्यांभोवतीचं वलय

इमारत उभी राहण्याआधीच तिच्यातल्या फ्लॅटची चित्रं कॉम्प्युटरवर बनवणं हा माझा धंदा. बिल्डरच्या जाहिरातीत दिसणारा तो लख्ख दिवाणखाना, खिडकीतून आत आलेलं ऊन, सोफ्यावर सहज टाकलेली शाल, यातलं काहीही अस्तित्वात नसतं. जागेवर अजून पत्रेच ठोकलेले असतात. हे सगळं मी दहिसरच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून बनवते.

या कामातली एक गंमत मला अजून पुरती पचलेली नाही. कॉम्प्युटरचं चित्र जात्याच निर्दोष असतं. प्रत्येक कड धारदार, प्रत्येक कोपरा स्वच्छ. आणि म्हणूनच ते खोटं वाटतं. मग ते कॅमेऱ्याने काढलेलं वाटावं म्हणून आम्ही त्यात कॅमेऱ्याचे दोष घालतो. मागची भिंत जराशी धूसर करायची, कडेने किंचित अंधार करायचा, दिव्यांभोवती उजेडाचं वलय पसरवायचं. खऱ्या लेन्स बनवणारे जे टाळायला जिवाचा आटापिटा करतात, तेच मी माउसने एक पट्टी सरकवून मुद्दाम आणते. गिऱ्हाईक म्हणतं, वा, अगदी खरं वाटतंय.

बाबा माझ्याकडेच राहतात. निवृत्त बस ड्रायव्हर. माझ्या लेकीला संध्याकाळी कांदिवलीच्या तबल्याच्या क्लासमधून स्कूटरवर घरी आणणं हे त्यांचं काम, आणि त्यात दुसऱ्या कोणी लुडबुड केलेली त्यांना खपायची नाही.

एका दुपारी मी एक दिवाणखाना जुळवत बसले होते. छताला टांगलेले दिवे नुकतेच बसवले होते. बाबा चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"दिवे का नाही लावलेस गं?"

"लावलेत की, बाबा."

"कुठे? बंद दिसतायत."

मी चेष्टेने वलयाची पट्टी नको तितकी पुढे सरकवली. दिव्यांचे आकार पुसले गेले, नुसते पांढरे गोळे उरले आणि शेजारची खुर्ची त्या उजेडात अर्धी बुडाली. असलं चित्र पाठवलं असतं तर पुढचं काम मिळालंच नसतं.

"हां, आता लागले," बाबा म्हणाले. "झकास!"

मला वाटलं, माझी खेचतायत. वळून पाहिलं तर चेहरा गंभीर.

"असा दिवा कुठे दिसतो का, बाबा?"

"सगळीकडे असेच तर दिसतात हल्ली. हे पांढरे एलईडी आले ना, तेव्हापासून वाट लागलीय. हायवेवर समोरची गाडी दिसतच नाही, नुसता गोळा येतो अंगावर."

बाजारात भेंडी महागलीय म्हणावं तितक्या सहज ते हे बोलून गेले. त्या गोळ्यांमधून रोज माझी लेक त्यांच्या पाठीला बिलगून घरी येत होती.

डोळे दाखवूया म्हटल्यावर ते भडकले. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? अख्खी हयात बस चालवली, कोणाच्या आरशाला धक्का लावला नाही!" माझाही स्वभाव काही गरीब नाही. मी स्कूटरची चावी तांदळाच्या डब्यात लपवली. मग त्यांनी माझ्याशी अबोला धरला. नातीला आणायला रिक्षाने जायचे, पण चेहरा असा, की जणू कोणी त्यांची वर्दी उतरवून घेतलीय. शेवटी चावीसाठीच ते बोरिवलीच्या डॉक्टरांकडे यायला तयार झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एलईडीची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं आणि पंख्यावरच्या धुळीवरून मला झाडलं. मला इतका आनंद झाला की मी ऐकून घेतलं. काही आठवड्यांनी डॉक्टर 'स्कूटर चालवायला हरकत नाही' म्हणाले, तेव्हा बाबांच्या देखत मीच तांदळाच्या डब्यातून चावी काढून पुन्हा खुंटीवर अडकवली.

त्याच दुपारी ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. "ते चित्र आहे का अजून? माझं झकासवालं?"

मी उघडून दाखवलं. "याला मी झकास म्हणालो?"

"म्हणालात."

त्यांनी हॉलमधला दिवा लावला. नवा डोळा तळव्याने झाकून जुन्या डोळ्याने दिव्याकडे पाहिलं. मग जुना झाकला आणि नव्याने स्क्रीनकडे पाहिलं. "अजून वाढव."

मी पट्टी सरकवली. पुन्हा दिवा, पुन्हा स्क्रीन. "अजून." खुर्ची पूर्ण गेली. मागची भिंत गेली. "बस. एवढं."

मी चेष्टा म्हणून केलं होतं ते कमीच होतं. बाबा खुर्ची ओढून त्या पांढऱ्या पसाऱ्यासमोर बसले.

"आणि मी पोरीला मागे बसवून आणत होतो," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात लेक शाळेतून आली. खुंटीवर चावी दिसताच नाचायला लागली. "आजोबा, आज स्कूटरने ना?"

बाबांनी हात पुढे करून स्क्रीन बंद केला. "रिक्षाने येऊ गं. दुसरा डोळा व्हायचाय अजून."

मग ते उठले, खुंटीवरची चावी काढली आणि स्वतःच्या हाताने तांदळाच्या डब्यात टाकली.