घाटाळ सरांची सायकल शिकवणी

दोन टेबलं, एक पंखा आणि खोटं न बोलणारा एक माणूस, एवढ्या भांडवलावर किती किस्से साठतात हे आमच्या ऑफिसात बसल्याशिवाय कळायचं नाही. जव्हारच्या बाजारात, कासिमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानावर आमची खोली. घाटाळ सर व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात, मी त्यांचा मदतनीस. रोज चार ओळी टिपून ठेवायची सवय आहे म्हणून बरं, नाहीतर यातलं निम्मं मलाच खरं वाटलं नसतं!

*

नको असलेला फोन आला की कुठल्याही ऑफिसात 'साहेब बाहेर गेलेत' असं सांगतात. मीही सांगायचो. एकदा नेमके सर समोरच बसलेले. मी फोनवर हात ठेवून हळूच विचारलं, "बाहेर आहेत म्हणू?"

सर उठले, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि धो धो पावसात गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"हं, आता म्हणा!"

*

ही खोड लहानपणची. सर डोंगरातल्या एका पाड्यावर वाढले. निम्मी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असायची. एकदा तपासणीला साहेब येणार होते, म्हणून गुरुजींनी छोट्या घाटाळला बजावलं, "साहेबांनी पटावरचं कुठलंही नाव घेतलं की मागून 'हजर' म्हणायचं."

साहेबांनी पहिलं नाव घेतलं. घाटाळ उठून उभा राहिला. "भट्टीवर गेलाय. पण गुरुजींनी हजर म्हणायला सांगितलंय. हजर!"

साहेब गेल्यावर गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले, "तू मास्तर होऊ नकोस बाबा. दुसऱ्यांचे हिशेब तपास!"

सरांनी ते ऐकलं.

*

मोखाड्याला एका नातलगाच्या लग्नात मावशीने त्यांना कौतुकाने विचारलं, "नवरा पोरगा कसा वाटतो रं?"

"वरवर ठीक आहे," सर म्हणाले. "आतलं मी तपासलेलं नाही."

मावशी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

*

तर अशा माणसावर मुलीला सायकल शिकवायची वेळ आली. स्वरा पाचवीत जाणार, शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिघी मैत्रिणींचं सायकलवरून जायचं ठरलेलं. "सायकल आली तरच आमच्यात," असं त्यांनी स्वराला तोंडावर सांगितलं होतं. नाही आली, तर बाबांच्या स्कूटरवर, मागे, पिशवीसारखं!

रोज संध्याकाळी मैदानावर शिकवणी. सर सीट धरून पळायचे. सायकल जरा वेगात आली की प्रामाणिकपणे ओरडायचे, "स्वरा, आता सोडतोय हं!"

ते ऐकून स्वरा मागे वळून बघायची आणि धप्पकन आडवी व्हायची.

"पण सर, सांगायचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"न सांगता आधार काढून घ्यायचा? ही फसवणूक झाली!"

*

कासिमभाईंनी तीन पोरांना सायकल शिकवलेली. त्यांना बघवेना.

"सर, सीधी बात आहे. हात सोडायचा आणि 'धरलंय, धरलंय' ओरडायचं. सगळे बाप हेच करतात!"

"सगळे करतात म्हणून बरोबर?"

"अहो, मी कच्च्या बिलाबद्दल बोलत नाहीये! पोरीच्या गुडघ्याबद्दल बोलतोय!"

*

शेवटी ते काम माझ्याकडे आलं. मी सीट धरली, थोडा पळालो, हात सोडला आणि बिनधास्त ओरडलो, "धरलंय गं!"

स्वराने करकचून ब्रेक दाबला.

"काका, तुम्ही फोनवर काय काय सांगता ते बाबांनी मला सांगितलंय!"

*

उद्या शाळा उघडणार आणि आज रविवार. स्वराचे दोन्ही गुडघे सोललेले, डोळे लाल. "मी स्कूटरवरून जाणार नाही," एवढंच म्हणून ती सायकलवर बसली. सर सीट धरून पळायला लागले, मी आणि कासिमभाई कडेला उभे. मैदानाच्या मध्यावर त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला, पाय अडखळला आणि हात सुटला. सर जागच्या जागी उभे. सायकल पुढे!

"बाबा, धरलंय ना?" स्वराने मागे न बघता विचारलं.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग कासिमभाईंकडे. तिकडे हँडल डुगडुगायला लागलं.

"बाबाऽऽ?"

"धरलंय!" सर ओरडले.

"नक्की?"

"नक्की!"

हँडल सरळ झालं. सायकल पार पलीकडच्या गोलपोस्टपर्यंत गेली. तिथून स्वराचा बारीक आवाज आला, "मग आता सोडा!"

घाटाळ सरांनी आपले दोन्ही रिकामे हात वर केले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले,

"सोडलं!"